मोहिनी, भस्मासुर आणि सात किलो फिल्म

आधी एक सोपा प्रश्न. भारतीय सिनेमात काम करणारी पहिली स्त्री कोण? स्पर्धा परीक्षेची तयारी केलेले लगेच सांगतील, दुर्गाबाई कामत. त्याच सिनेमात त्यांची तेरा वर्षांची मुलगी कमला नायिका होती, तीच पुढे कमलाबाई गोखले म्हणून ओळखली गेली. सिनेमा 'मोहिनी भस्मासुर', दिग्दर्शक दादासाहेब फाळके, साल १९१३. झालं, एक मार्क पक्का.

आता दुसरा प्रश्न. या दोघींनी त्या सिनेमात काम कसं केलं होतं? कमलाचा नाच कसा होता? कॅमेऱ्यासमोर ती बुजली होती की सराईत होती? याचं उत्तर कुणालाच देता येत नाही, कारण तो सिनेमा आज पाहायलाच मिळत नाही. नाव उरलं, काम गेलं.

मी विष्णुपुरीला, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएचडी करते. सेल्युलोजपासून बनलेले पॉलिमर काळानुसार कसे खराब होतात, हा माझ्या कामाचा भाग. तुम्ही म्हणाल, मग सिनेमातल्या नटीचं इथं काय काम? काम आहे. कमलाबाईंचा पहिला सिनेमा ज्या वस्तूवर छापला होता, ती वस्तू म्हणजे सेल्युलोजच. तो सिनेमा का टिकला नाही याचं निम्मं उत्तर इतिहासात आहे आणि निम्मं रसायनशास्त्रात. आज दोन्ही सांगते.

बायका का मिळत नव्हत्या

फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके, म्हणजे एक पुरुष. ते आधी ग्रँट रोडच्या एका खानावळीत कामाला होते. फाळक्यांनी बाईसाठी बरीच खटपट केली, वेश्यावस्तीतही विचारून पाहिलं, पण कुणी तयार होईना. शेवटी साळुंक्यांना साडी नेसवली.

आजच्या डोळ्यांनी हे विचित्र वाटतं, पण त्या काळच्या प्रेक्षकाला त्यात नवल नव्हतं. मराठी रंगभूमीवर बायकांची कामं पुरुषच करत. बालगंधर्वांचा जमाना होता तो. नाटकात मात्र एक सोय होती. प्रेक्षक लांब बसलेला असायचा आणि गाणं पात्राला उचलून धरायचं. आवाज गोड लागला की बाकीचं माणूस मनानं भरून घ्यायचा. मूकपटात आवाजच नाही! उरतो तो फक्त चेहरा, हात आणि चाल, आणि तेही पडद्यावर माणसापेक्षा कितीतरी मोठं होऊन. म्हणजे नाटकात चालून गेलेली सवय सिनेमात उघडी पडणार होती.

फाळक्यांनी १९१३ मध्येच आपलं बस्तान नाशिकला हलवलं आणि 'मोहिनी भस्मासुर' हाती घेतला. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई आणि मोहिनी झाली कमला. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या होऊन, लहान मुलीला घेऊन नाटक कंपनीत आल्या होत्या. पांढरपेशा घरातल्या बाईनं स्टेजवर उभं राहणं म्हणजे घराण्याला बट्टा, असं मानायचे ते दिवस. दुसरं काही हाताशी नसलेल्या बाईला पोट भरायला मिळालेला तो रस्ता होता. 'पहिली अभिनेत्री' हा किताब आपण आज देतो. त्या वेळी त्याची किंमत त्यांनी एकटीनं मोजलेली होती.

कमला तर लहानपणापासून नाटकातच वाढलेली. त्यामुळे तेराव्या वर्षी ती कॅमेऱ्यासमोर आली तेव्हा नवशिकी नव्हती, कामाचा अनुभव असलेली नटी होती. हे लक्षात ठेवा. 'बालकलाकार' म्हटलं की आपल्याला वाटतं, कुणीतरी हौसेनं उभी केलेली पोर. तसं ते नव्हतं.

फिल्म म्हणजे नेमकं काय

आता प्रयोगशाळेत या. फिल्मची पट्टी दोन थरांची असते. खाली एक पारदर्शक, लवचीक पट्टी. तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्यात चांदीच्या क्षारांचे बारीक कण. प्रकाश पडला की त्या कणांमध्ये बदल होतो, आणि डेव्हलपर लावला की तिथं धातूरूप चांदी तयार होते. ही चांदी इतकी बारीक असते की ती काळी दिसते. म्हणजे जुन्या कृष्णधवल सिनेमातला काळा रंग ही खरी चांदी. कमलाचे केस, भुवया, सावली, सगळं चांदीत उमटलं होतं.

फाळके कच्ची फिल्म परदेशातून आणायचे. तिच्या कडेला भोकं पाडायची, शूटिंगनंतर ती अंधारात धुवायची, हे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करायच्या. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक! भारतीय सिनेमाच्या पहिल्या फिल्मवर पहिला हात एका बाईचा होता, हे स्पर्धा परीक्षेत कुणी विचारत नाही.

थोडा हिशेब करू. 'मोहिनी भस्मासुर'ची लांबी सुमारे सव्वातीन हजार फूट होती. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात. म्हणजे साधारण ५२ हजार चित्रं. सेकंदाला १६ चौकटी या वेगानं दाखवली तर ५४ मिनिटांचा सिनेमा. एवढ्या पट्टीचं वजन माझ्या ढोबळ हिशेबानं सात किलोच्या आसपास भरतं. देशातल्या पहिल्या अभिनेत्रींचं पहिलं काम, ते सगळं मिळून सात किलो सामान. एका माणसानं सहज उचलून न्यावं इतकं.

लाल न दिसणारी फिल्म

त्या काळच्या फिल्मची एक खोड होती. तिला निळा आणि हिरवा प्रकाश कळायचा, लाल कळायचा नाही. प्रकाशाचा रंग म्हणजे त्यातली ऊर्जा. निळ्या प्रकाशाच्या एका कणात ऊर्जा जास्त, लाल प्रकाशाच्या कणात कमी. चांदीच्या क्षाराला बदलायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी लाल प्रकाशाकडे नसते. हिरव्यापर्यंत मजल नेण्यासाठी फिल्ममध्ये खास रंगद्रव्य मिसळावं लागायचं. लालसकट सगळे रंग ओळखणारी फिल्म १९२० च्या दशकाच्या शेवटी सर्रास वापरात आली.

याचा नटीवर काय परिणाम? लाल ओठ काळे दिसणार. कपाळावरचं लाल कुंकू काळा ठिपका होणार. लाल लुगडं काळं पडणार आणि निळं आभाळ पांढरंफटक. चेहऱ्यावरचा तांबूस डाग आरशात दिसतो त्यापेक्षा पडद्यावर गडद दिसणार. म्हणून त्या काळचे नट चेहऱ्यावर जाड थर चढवायचे, आणि आपल्याला तो अभिनय भडक वाटतो. जुन्या नटनट्यांना हसण्याआधी एवढं लक्षात घ्या, की त्यांचा चेहरा जो कॅमेरा टिपत होता तो अर्धा रंगांधळा होता. वर शूटिंग उन्हात, दिव्यांची सोय नाही. डोळे बारीक न करता, घाम पुसून, न बोलता भाव दाखवायचा.

खरा भस्मासुर

गोष्ट सगळ्यांना माहीत आहेच. भस्मासुराला वर मिळाला, ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो भस्म होईल. मोहिनीनं त्याला नाचायला लावलं, नाचता नाचता त्यानं स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवला आणि गेला. आता बघा, ही गोष्ट ज्या फिल्मवर चित्रित झाली ती फिल्म अगदी याच स्वभावाची होती.

त्या पट्टीचं रासायनिक नाव सेल्युलोज नायट्रेट. कापूस हा जवळपास शुद्ध सेल्युलोज असतो. आपल्याकडे त्याची काय कमी! सेल्युलोज म्हणजे साखरेच्या कड्यांची लांबच लांब साखळी, आणि प्रत्येक कडीवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या तीन जोड्या. नायट्रिक आम्ल आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात कापूस बुडवला की या जोड्यांच्या जागी नायट्रेटचे गट येऊन बसतात. किती बसले त्यावर माल ठरतो. नायट्रोजनचं प्रमाण १३ टक्क्यांच्या वर गेलं तर तो बंदुकीत वापरायचा स्फोटक कापूस. १२ टक्क्यांच्या आसपास ठेवलं आणि त्यात कापूर मिसळला, तर फिल्मसाठी छान पारदर्शक, चिवट पट्टी. म्हणजे सिनेमाची फिल्म आणि स्फोटक कापूस ही सख्खी भावंडं.

अडचण अशी की नायट्रेटचा बंध कमकुवत असतो. साध्या हवेतही तो हळूहळू तुटतो आणि नायट्रोजन डायऑक्साइड वायू सुटतो. हवेतल्या दमटपणाशी तो मिळाला की नायट्रिक आम्ल तयार होतं. हे आम्ल उरलेले बंध आणखी वेगानं तोडतं. त्यातून आणखी वायू, आणखी आम्ल. रसायनशास्त्रात याला स्वयंउत्प्रेरण म्हणतात, म्हणजे अभिक्रियेतून जे निघतं तेच अभिक्रियेला ढकलतं. सुरुवातीला वर्षानुवर्षं काही दिसत नाही, आणि एकदा सुरू झालं की थांबत नाही. डबा घट्ट बंद असेल तर वायूला बाहेर जायला वाट नसते, म्हणून आणखी वाईट.

बिघाड ठरलेल्या क्रमानं होतो. आधी फिल्म पिवळट होते आणि चित्र फिकं पडतं, कारण ते आम्ल चांदीलाही खातं. मग पट्टी चिकट होते, वेढे एकमेकांना चिकटतात. मग बुडबुडे येतात, उग्र वास सुटतो. मग सगळं रीळ एकच ढेकूळ होतं. शेवटी डब्यात उरते तपकिरी भुकटी. भस्मच की!

आणि आग? साधं लाकूड जळायला बाहेरचा ऑक्सिजन लागतो. नायट्रेटच्या रेणूत ऑक्सिजन आधीच बसलेला असतो. त्यामुळे पेटलेली नायट्रेट फिल्म पाण्यात बुडवली तरी जळत राहते. हात दुसऱ्याच्या नव्हे, स्वतःच्याच डोक्यावर.

एखादा तुकडा नायट्रेटचा आहे की नाही हे ओळखायची जुनी चाचणी आहे. सल्फ्युरिक आम्लातल्या डायफिनाइल अमाइनचा एक थेंब टाकला की नायट्रेट गडद निळं होतं. आम्ही प्रयोगशाळेत एफटीआयआर यंत्र वापरतो. त्यात रेणूवर अवरक्त प्रकाश टाकतात आणि कुठला बंध कुठल्या लहरीला प्रकाश शोषतो ते पाहतात. नायट्रेटच्या खुणा १६५०, १२८० आणि ८४० च्या आसपास दिसतात. नमुना जुना होत जातो तशा या खुणा बसत जातात, कारण तेवढे नायट्रेट गट निघून गेलेले असतात. आलेख खाली आला की समजायचं, पट्टीचं आयुष्य तेवढं कमी झालं.

आपलं ऊन आणि थोडं गणित

अशा अभिक्रियांसाठी एक ढोबळ नियम आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. समजा एक रीळ ४ अंशाच्या थंड खोलीत ठेवलं आणि दुसरं ३४ अंशाच्या साध्या खोलीत. फरक ३० अंशांचा, म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ पट. थंड खोलीत जे ८० वर्षं टिकलं असतं ते साध्या खोलीत १० वर्षांत जाणार. आणि नांदेडचा मे महिना आठवा, ४२ अंश! बिघडलेलं नायट्रेट तर चाळिशीच्या थोड्याच वरच्या तापमानाला, ते बरेच दिवस टिकलं तर, काडी न लावता पेटू शकतं.

आता त्या काळचं रीळ डोळ्यांसमोर आणा. एका गावाहून दुसऱ्या गावाला फिरतंय. तंबूत दाखवलं जातंय, प्रोजेक्टरच्या दिव्यासमोरून सरकतंय, दरवेळी ओरखडे पडतायत. पावसाळ्यात दमट, उन्हाळ्यात भट्टी. शीतगृह तर सोडाच, पंखाही नाही. अशा ठिकाणी नायट्रेटनं शंभर वर्षं टिकावं ही अपेक्षाच जास्त आहे.

पण सगळा दोष रसायनाचा नाही

इथं मला माझ्याच विषयाविरुद्ध बोलायचंय. 'फिल्म टिकत नाही, कोण काय करणार' असं म्हणून मोकळं होता येत नाही. फाळक्यांचाच 'कालिया मर्दन' हा १९१९ चा सिनेमा बऱ्यापैकी उरला आहे. त्यात बाळकृष्णाचं काम त्यांच्या मुलीनं, मंदाकिनीनं केलंय, ते आज आपल्याला पाहता येतं. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं उपलब्ध आहे. फिल्म त्याच जातीची, ऊन तेच. मग फरक कशानं पडला? कुणीतरी सांभाळलं म्हणून, आणि नंतर कुणीतरी शोधलं म्हणून.

१९३१ मध्ये बोलपट आला आणि मूकपटांची किंमत एका झटक्यात शून्य झाली. गोदामात पडलेली धोकादायक, जागा अडवणारी रिळं ठेवायची कशाला? त्यात चांदी होती, ती काढून विकता येत होती. अनेक रिळांचा शेवट असा भट्टीत झाला. देशात १३०० च्या आसपास मूकपट बनले असं अभ्यासक मोजतात. त्यातले पूर्ण उरलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१३ मध्ये असाच हिशेब मांडला होता. १९१२ ते १९२९ या काळातल्या सुमारे ११ हजार मूकपटांपैकी १४ टक्केच मूळ स्वरूपात उरलेत. श्रीमंत देशाची ही गत, पण १४ टक्के आणि आपली ती बोटांवरची मोजणी यात फार अंतर आहे.

आपलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये सुरू झालं, 'मोहिनी भस्मासुर'नंतर ५१ वर्षांनी. तोवर वरच्या गणितानं आपलं काम केलेलं होतं. संग्रहालय झाल्यावरही भस्मासुर गेला नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच, प्रभात स्टुडिओच्या काळातल्या जुन्या गोदामात ठेवलेल्या नायट्रेट रिळांना आग लागली आणि हजारो रिळं जळाली.

कमलाबाई मात्र उरल्या

सिनेमा गेला, पण कमलाबाई जवळपास शतकभर जगल्या. लग्न नाटकातल्याच रघुनाथराव गोखल्यांशी झालं. तरुण वयातच नवरा गेला, पदरी तीन मुलं. त्या काम करत राहिल्या, नाटकात आणि पुढे बोलपटातही. १९८० च्या 'गहराई' या हिंदी सिनेमात त्या आहेत, म्हणजे पहिल्या आणि या सिनेमात ६७ वर्षांचं अंतर. थोरले चंद्रकांत गोखले नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबल्यात गेले. विक्रम गोखले हे त्यांचे नातू. पडद्यावर आई दुर्गाबाई, मग लेक, मग नातू, मग पणतू. चार पिढ्या.

१९९१ च्या सुमारास रीना मोहन यांनी 'कमलाबाई' नावाचा पाऊण तासाचा माहितीपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात नव्वदीच्या घरातली ही बाई बोलते, जुनं आठवते, चेष्टा करते. मूकपटातल्या नायिकेचा आवाज आपल्यापर्यंत पोचला तो असा. याला मी पुरावा जतन करणंच म्हणेन. कारण दुसऱ्या बाजूला बघा. दुर्गाबाईंना असं कुणी विचारलं नाही. त्यामुळे त्यांच्याबद्दल आपल्याकडे दोन-चार ओळी आहेत, त्याच पुन्हा पुन्हा उतरवल्या जातात. एका घरातल्या दोन बायका, एकच सिनेमा. एक आपल्याला माणूस म्हणून माहीत आहे, दुसरी सामान्यज्ञानाचं उत्तर म्हणून. हा फरक नायट्रेटनं केलेला नाही.

तुमच्या घरात काय आहे?

नायट्रेट फिल्म बनवणं १९५०-५१ च्या सुमारास बंद झालं. त्यानंतरची 'सेफ्टी' फिल्म सेल्युलोज ॲसिटेटची. ती तशी पेटत नाही, पण तिलाही रोग आहे. तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं, म्हणजे व्हिनेगर. इथंही तेच, आम्लातून आणखी आम्ल.

आपल्या भागात कितीतरी घरांत लग्नाच्या, जत्रेच्या, शाळेच्या जुन्या निगेटिव्ह असतील. बंद पडलेल्या टॉकीजमध्ये, फोटो स्टुडिओत, माळ्यावर डबे असतील. म्हणून चार गोष्टी सांगते. पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीखालच्या माळ्यावर ठेवू नका, घरातली सगळ्यात थंड आणि कोरडी जागा द्या. हवाबंद डब्यात कोंडू नका. डबा उघडल्यावर आंबट वास आला तर ती फिल्म बाकीच्यांपासून वेगळी करा आणि आधी तिचंच स्कॅनिंग करून घ्या. १९५० च्या आधीची रिळं असतील, चिकट झाली असतील, उग्र वास येत असेल, तर घरी चाचणी करत बसू नका, आगीपासून लांब ठेवा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा.

आणि घरात एखादी आजी असेल, जिनं कधीकाळी शाळेत शिकवलं, मेळ्यात गायलं, गिरणीत काम केलं, तर मोबाईलवर तिचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. तारीख आणि गाव सांगायला लावा, आणि त्या फाईलची एक प्रत दुसरीकडेही ठेवा. एकाच ठिकाणी ठेवलेली वस्तू किती सहज जाते, ते वर पाहिलंच. हे काम करायला थंड खोली लागत नाही, यंत्र लागत नाही. या सुट्टीत होऊन जाईल.